जुना सबड्युरल: हात शिकतात, डोळ्यांना शिकवावे लागते

एम.सीएच.च्या, म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणाच्या, पहिल्या वर्षात तुमच्या वाट्याला सर्वांत आधी येणारी शस्त्रक्रिया बहुधा जुन्या सबड्युरलची, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली साचून जुन्या झालेल्या रक्ताची असेल. बर होल (कवटीला छोटे छिद्र) करायचे, ड्युरा (मेंदूचे बाहेरचे आवरण) उघडायची, इंजिन ऑइलसारखे काळसर रक्त बाहेर आले की कोमट सलाइनने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचे. हे हात शिकून घेतात, त्याची धास्ती बाळगू नका. घात होतो तो त्याआधी, सीटी पाहताना.

सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आठवडाभर गुंगीत होते आणि चालताना अडखळत होते. सीटीत पांढरे काही दिसले नाही, मध्यरेषा जागच्या जागी होती, म्हणून मी 'नॉर्मल' असे लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मॅडमनी तीच फिल्म प्रकाशपेटीवर लावून विचारले, "या वयात आकसायला हवा तो मेंदू विशीतल्या पोरासारखा भरलेला कसा?"

ताजे रक्त सीटीत पांढरे दिसते आणि साधारण तीन आठवड्यांनंतर काळे. मधल्या काळात मात्र ते मेंदूच्याच करड्या रंगाचे होते. गुठळी एका बाजूला असेल तर सरकलेली मध्यरेषा तिचा पत्ता देते, पण आजोबांसारखी दोन्ही बाजूंना सारखीच असेल तर दाब समतोल राहतो आणि मध्यरेषा हलत नाही. म्हणून मेंदूच्या खाचा कवटीपर्यंत पोहोचतात का, करड्या-पांढऱ्या भागांची सीमा आत ढकलली गेली आहे का आणि व्हेंट्रिकल (मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या) चिंचोळे झाले आहेत का, हे प्रत्येक वृद्ध रुग्णात पाहा. शंका उरली तर एमआरआय करा. मोबाइलवर सीटीच्या एकाच कापाचा फोटो पाठवून सीनियरचे मत घेणे मला मुळीच मान्य नाही. सगळे काप स्वतः पाहा. पहिल्याच महिन्यात ड्रिल हाती देणाऱ्यापेक्षा फिल्मसमोर उभे करून रागावणारा गुरू मी केव्हाही पत्करेन.

शस्त्रक्रियेनंतर ड्रेन (उरलेले रक्त वाहून जाण्यासाठीची नळी) ठेवण्याचा कंटाळा करू नका. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या चाचणीत ड्रेन ठेवलेल्या सुमारे ९ टक्के, तर न ठेवलेल्या २४ टक्के रुग्णांत रक्त पुन्हा साचले.

आजोबांची शस्त्रक्रिया त्याच दुपारी झाली आणि ते बरे झाले. तुमचेही रुग्ण बरे होतील, या आजारात ती आशा खरी असते. मात्र डोक्याला मार लागला होता का, हे महिना-दोन महिने मागे जाऊन विचारा. गोठ्याच्या चौकटीवर डोके आपटल्याचे आजोबांनी तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगितले. घरच्यांना ते ठाऊकही नव्हते.