कोल्हापुरातनं कोकणात निघण्याआधी समुद्राचा अंदाज कसा बघायचा

आपल्याकडं जुलै लागला की बारकी पोरंसुद्धा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ सांगतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते मिनिटात सगळ्या ग्रुपवर फिरतंय. आणि तेच आपण दिवाळीच्या सुट्टीत गाडी भरून गगनबावड्यानं देवगड-मालवणला जातो तेव्हा समुद्राचा एक आकडा कुणी बघत नाही, हॉटेल बघतात, सुरमई कुठं चांगली मिळते ते बघतात आणि थेट पाण्यात. म्हणून हे लिहितोय.

माझा भाचा पंचगंगेत पोहायला शिकलाय, पुराचं पाणी ओसरताना पण घाटावरनं उडी मारणारा. कुणकेश्वरला सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, लाट आली, गेली, आणि जाताना पायाखालची वाळूच घेऊन गेली. दोन मिनिटांत तो आमच्यापासनं चाळीस-पन्नास फूट लांब, हात मारतोय तरी जागचा हलत नव्हता. तिथल्या एका मच्छीमार काकांनी ओरडून आडवं पोहायला सांगितलं म्हणून बाहेर आला. पोहता येणं आणि समुद्र कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दिवशीचे आकडे मी आधी बघितले असते तर त्याला पाण्यात सोडलंच नसतं.

बघायचं कुठं? हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे केंद्र सरकारची समुद्राचा अंदाज देणारी संस्था, किनाऱ्याप्रमाणे लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. इशारा असेल तर पुढचं काही वाचायचंच नाही, किनाऱ्यावर बसून शहाळं प्यायचं. रोजच्यासाठी विंडी अ‍ॅप सोपं आहे, त्यात आपला बीच शोधायचा आणि लाटा, स्वेल (म्हणजे लांबच्या वादळातनं येणाऱ्या लाटा), वारा हे लेयर बघायचे. एक काळजी घ्या, आकडा मीटरमध्ये आहे की फुटात ते बघा आणि वेळ भारतातली आहे का ते बघा, काही साइट ग्रीनविचची वेळ देतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे.

पहिला आकडा लाटेची उंची. तिथं 1 मीटर लिहिलंय म्हणजे सगळ्या लाटा 1 मीटरच्या असं नसतंय. सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, त्यामुळं दिवसभरात एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते, आणि आपण पाठ करून फोटो काढत असतो तेव्हाच ती येते.

दुसरा आकडा सगळे सोडून देतात आणि खरा खेळ त्याचाच आहे: पिरियड, म्हणजे एक लाट गेल्यावर दुसरी किती सेकंदांनी येते ते. 1 मीटर आणि 5 सेकंद असेल तर ती जवळच्या वाऱ्यानं उठलेली खळबळ, पाणी नुसतं चपाचपा करतंय, तोंडात खारं पाणी जातंय पण जोर कमी. तीच 1 मीटर पण 14 सेकंद असेल तर ती लाट दक्षिण हिंदी महासागरातल्या कुठल्यातरी वादळातनं निघून काही दिवस प्रवास करून आलेली असू शकते. खोल समुद्रात 5 सेकंदवाल्या दोन लाटांत साधारण 40 मीटर अंतर असतंय, 14 सेकंदवाल्यांत 300 मीटर. उंची सारखी असली तरी त्या लाटेत जवळजवळ तिप्पट ताकद येते आणि उथळ पाण्यात आली की ती आणखी उभी राहते. फसवणारी गोष्ट म्हणजे वारा नसतो, आकाश निळं असतंय, पाच-दहा मिनिटं समुद्र तळ्यासारखा दिसतो आणि मग एकामागनं एक चार-पाच मोठ्या लाटा. केरळात याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. माझा स्वतःचा नियम असा की पोरं बरोबर असतील तर उंची 1 मीटरच्या आत आणि पिरियड 10 सेकंदांच्या आत, दोन्हीतलं एक जरी वर गेलं तरी घोट्यापर्यंतच.

वाऱ्याचं शाळेत शिकलोय तेच, रात्री आणि पहाटे जमिनीकडनं मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडनं खारे वारे. म्हणून सकाळी 10 पर्यंत पाणी गुळगुळीत आणि 3 नंतर पांढरा फेस. पण सकाळी पोरांना हवेची ट्यूब देऊन सोडू नका, तो वारा ट्यूब आतमध्ये ढकलतो.

आता भरती-ओहोटी. टीव्हीवर मुंबईत साडेचार मीटरची भरती म्हटलं की लोक मालवणचं बुकिंग कॅन्सल करतात, पण ती लाटेची उंची नव्हे, ती पाण्याची पातळी, आणि ती मुंबईची. दक्षिणेकडं मालवणला भरती-ओहोटीतला फरक बराच कमी असतो. वेळेसाठी जुना हिशोब आहे, तिथीला तीनानं गुणा आणि चारानं भागा, अष्टमीला 6 वाजता भरती, एकादशीला सव्वाआठला. हा मुंबईकडचा ढोबळ हिशोब, सिंधुदुर्गात भरती त्याहून आधी येते, म्हणून नेमकी वेळ टाइड टेबलमध्येच बघा. रोज ती साधारण 50 मिनिटं पुढं सरकते.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी. आता विचार करा, लक्ष्मीपूजन अमावस्येला आणि आपण निघतो पाडव्याला नाहीतर भाऊबीजेला. उधाणाचा जोर अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी जास्त असतो, म्हणजे अख्खं कोल्हापूर बरोब्बर उधाणात समुद्रावर उतरतंय! ज्याला जमतंय त्यानं चार-पाच दिवस उशिरा जावं, गर्दी पण कमी. आणि ओहोटीच्या सहा तासांतलं निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं, त्या वेळी देवबागला जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते तसल्या खाडीच्या तोंडाशी अजिबात उतरायचं नाही. जून ते सप्टेंबर तर प्रश्नच नाही, भर पावसाळ्यात बाहेर 3-4 मीटरच्या लाटा असतात, मच्छीमार होड्या ओढून ठेवतात ते उगाच नाही.

बीचवर पोचल्यावर कपडे काढायच्या आधी पंधरा मिनिटं नुसतं बघा. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून अकरा लाटा मोजा, पहिली फुटल्यापासनं अकरावी फुटेपर्यंतचा वेळ भागिले दहा, हा तुमचा पिरियड, अंदाजाशी ताडून बघा. मग जिथं लाटाच फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतंय असा पट्टा शोधा. नवखा माणूस तिथंच पोरांना घेऊन जातो आणि बहुतेक वेळा तीच ओढ असते, म्हणजे आत खेचणारा प्रवाह, रिप करंट. नारळाचं सोडण पाण्यात टाका, ते सरळ आत चाललं तर तिथं उतरू नका. गणपतीपुळ्यासारखा खडा उतार असेल तर लाट अंगावरच आपटते, तिथं अंदाज कितीही चांगला असला तरी गुडघ्याच्या पुढं जाऊ नका.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडू नका, दम संपतो. उताणं तरंगा, हात वर करा, मग किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतनं बाजूला या. बाहेरच्यानं मागनं उडी मारायची नाही, रिकामा पाण्याचा कॅन झाकण घट्ट लावून फेकायचा आणि 112 किंवा कोस्ट गार्डचा 1554 लावायचा.

निघायची वेळ पण यावरनंच ठरवा. समजा कुणकेश्वरला ओहोटी साडेसातला संपतीय आणि भरती दीडला पूर्ण, तर घरच्यांसाठी पाण्यात उतरायला 9 ते 11 चांगलं, पाणी चढतंय आणि वारा पण अजून पडलेला. घाट धरून चार तास जातात, म्हणजे साडेचारला रंकाळ्यावरनं गाडी हलली पाहिजे, आणि गगनबावड्यात धुकं असेल तर अर्धा तास आधी.