भाद्रपदात माजलेला टोमॅटो : कात्री चालवण्याआधी

आषाढात लावलेला टोमॅटो भाद्रपदात छातीला लागतो. त्यात पाऊस लांबला आणि युरिया जरा सढळ पडला असेल, तर झाड बांधणीची तार ओलांडून सरीत लोळायला लागतं. नाशिकच्या गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यात या दिवसांत असे प्लॉट हमखास दिसतात. वर गर्द पाला, आत हवा नाही, बुडाशी पिवळी पानं आणि त्यांवर करप्याचे, म्हणजे पानं करपवणाऱ्या बुरशीचे ठिपके.

अशा वेळी झाड एकदाच मोकळं करून टाकावंसं वाटतं. आपल्या भागात हाताला द्राक्षाच्या छाटणीची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. द्राक्षवेलीच्या खोडात आणि ओलांड्यात (तारेवरच्या आडव्या जुन्या फांदीत) अन्नाचा साठा असतो, त्या जोरावर छाटणीनंतर वेल नव्याने फुटते. टोमॅटोकडे तसा साठा नसतो. लागलेली फळं अंगावरच्या पानांवरच पोसली जातात. शिवाय आज पावसाची ओल असली तरी थोड्याच दिवसांत ऑक्टोबरचं ऊन तापणार आहे. फळ उघडं पडलं की खांद्यावर पांढरट, पिवळसर चट्टा येतो आणि असा माल क्रेटमधून बाजूला निघतो. म्हणून झाड खालून मोकळं करा, फळांवरची सावली मात्र राहू द्या.

दोन-तीन दिवसांची उघडीप बघा आणि दव सुकल्यावर काम सुरू करा. ओल्या झाडाला हात लावलात तर जिवाणूजन्य ठिपके आणि करपा तुमच्याच हाताने ओळीभर पसरतो. सुरुवात जमिनीला टेकलेल्या पानांपासून करा. मग पहिल्या फळांच्या झुपक्याखालची पिवळी, ठिपकेवाली पानं काढा. एका वेळी झाडाचा पाव हिस्सा पाला निघाला तरी पुष्कळ झालं. बाकीचं आठ-दहा दिवसांनी.

फुटव्यांच्या बाबतीत आधी आपलं वाण ओळखा. ठरावीक उंचीवर थांबणाऱ्या झुडपी वाणाचा बराचसा माल फुटव्यांवरच येतो, त्यामुळे तिथे पहिल्या फुलोऱ्याखालचे फुटवे तेवढे काढा, वर हात लावू नका. शेंडा वाढतच राहणाऱ्या वाणात दोन मुख्य फांद्या ठेवून बगलेतले कोवळे फुटवे बोटाने मोडा. एखादा फुटवा पेन्सिलीएवढा जाड झाला असेल तर तो बुडातून ओढू नका, खोडाची साल निघते आणि मोठी जखम होते. त्याची दोन पानं राखून शेंडा खुडला की पुरे, ती पानं सावलीच्या कामी येतात. रोगट झाडं सगळ्यात शेवटी घ्या आणि कात्री मधूनमधून सॅनिटायझरने पुसा. तंबाखू मळलेले हात साबणाने धुतल्याशिवाय झाडाला लावू नयेत, मोझॅक विषाणू अशा हातांनीही येतो. काढलेला पाला बांधावर न टाकता प्लॉटपासून लांब खड्ड्यात पुरा.

लोळलेल्या फांद्या उचलताना घाई नको. भरल्या फांदीला एकदम ताण बसला तर ती सांध्यातून फाटते. बांबू हलत असेल तर आधी तो पक्का करा, मग सुतळीचा सैल आठाचा फास देऊन फांदी टप्प्याटप्प्याने वर घ्या.

माजाचं मूळ नत्रात असतं, हे विसरून नुसती कात्री चालवली तर पंधरवड्यात पाला पुन्हा तेवढाच होतो. युरिया आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) थांबवा, फळ फुगवणीला ०:०:५० या नुसत्या पालाशाच्या खताकडे वळा. फळाच्या टोकाला काळा, खोलगट डाग दिसत असेल तर कॅल्शियम द्याच, पण पाणी एकसारखं ठेवणं त्याहून महत्त्वाचं आहे. पावसाने उघडीप दिल्यावर जमीन भेगाळेपर्यंत ठिबक बंद ठेवून मग एकदम भरपूर पाणी सोडलं, तर हाच डाग वाढतो आणि फळंही तडकतात.

पाला काढल्यावर बुरशीनाशकाची फवारणी आतपर्यंत पोचते, त्यामुळे ती त्यानंतरच घ्या. करप्यासाठी मॅन्कोझेब १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम. फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचा आणि तेवढं थांबा.

परसबागेत चार-सहा झाडं असतील त्यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे फवारणीपेक्षा रोगट पान दिसताक्षणी काढणं सोपं पडतं.

राहिला शेंडा. फुलापासून पिकलं फळ हाती यायला साधारण ४० ते ५० दिवस लागतात, निफाडसारख्या थंडीच्या भागात डिसेंबरमध्ये त्याहून जास्त. शेवटचा तोडा केव्हा घ्यायचा ते ठरवा आणि वाढतं वाण असेल तर त्याच्या दीड-दोन महिने आधी, सर्वात वरच्या झुपक्यावर दोन पानं राखून शेंडा खुडा.