जंबेरीची पन्हेरी करताना या चुका टाळा

जंबेरी म्हणजे लिंबाच्या वर्गातलं झाड. त्याच्या रोपाचा खुंट करतात, म्हणजे त्याच्यावर संत्र्याचा डोळा (फांदीवरची कळी) बांधून कलम तयार करतात. जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन कोंब निघतात. नवखा माणूस खूश होतो आणि वाफ्यातली सगळी रोपं उचलून पिशव्यांत भरतो. पन्हेरीतली (रोपवाटिकेतली) सगळ्यांत महागडी चूक हीच. त्या कोंबांतला सहसा एखादाच फलनातून आलेला असतो. बाकीचे भ्रूण फलनाशिवाय, बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून तयार होतात, म्हणून ते हुबेहूब मातृवृक्षासारखे निघतात. खुंटाला हेच हवेत.

फलनातल्या रोपावरही नागपुरी संत्र्याचा डोळा धरतो, त्यामुळे चूक तेव्हा कळतच नाही. वरूड-मोर्शीकडच्या बगीच्यांत ती चार-पाच वर्षांनी दिसते. एकाच ओळीत, एकाच खत-पाण्यावर एक झाड डेरेदार आणि शेजारचं कमरेएवढं. कास्तकार आधी जमिनीला दोष देतो, मग डिंक्याला (खोडातून डिंक गळायच्या रोगाला), आणि औषधांवर पैसा घालवत राहतो. खुंटच वेगळा निघाला तर औषध काय करणार? झाड काढून नवं लावावं लागतं.

निवड पिशवीत भरतानाच करा. रोपं १०-१५ सेंमी झाली की वाफा भिजवा, मुळं न तोडता रोपं सोडवा आणि शेजारी शेजारी मांडा. खुजी काढा. पानाचा आकार वेगळा दिसणारी काढा. सोटमूळ वाकडं असेल तेही काढा. बाकीच्यांपेक्षा फारच उंच वाढलेलं रोप जोमदार म्हणून ठेवायचा मोह होतो. तेही काढा, कारण आपल्याला एकसारखेपणा हवा आहे. शंभरातली पंधरा-वीस गेली तरी हात आखडू नका. डोळा बांधायच्या आधी पुन्हा एकदा चाळणी लावा. ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी कलमं विकू नयेत.

बी उन्हात वाळवू नका, उगवण मरते. पिकल्या फळातलं बी धुवा, ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा (मूळकूज लावणारी बुरशी मरते), सावलीत सुकवा आणि लगेच दीड-दोन सेंमी खोल पेरा.

भ्रूण फलनाशिवाय होतो म्हणून फुलाला परागकण नकोत, असं समजू नका. बीतला भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला अन्न पुरवणारा भाग, फलनातूनच बनतो. तो नसेल तर भ्रूण पोसत नाहीत.

पपनस आणि महाळुंगाच्या बीत एकच भ्रूण असतो, तोही फलनातला. त्यांच्या बियांपासून एकसारखी रोपं मिळत नाहीत.

संत्र्याचं बी थेट लावलं तर झाड बहुतेक आईसारखंच होतं, पण काटेरी असतं आणि फळावर यायला कलमापेक्षा कितीतरी वर्षं जास्त घेतं.