गुणाकाराचं चिन्ह कुणाला द्यायचं?

स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा लिहिताय? मग * कुणाचं, हे आधी ठरवा. मॅटलॅब या भाषेनं ते मॅट्रिक्स-गुणाकाराला दिलं आणि घटकवार गुणाकाराला (त्याच जागेचे आकडे एकमेकांशी गुणायचे) .* ठेवलं. आर भाषेत उलट: * घटकवार, मॅट्रिक्ससाठी %*%. दिसायला भयंकर, पण गोंधळ नाही. पायथनच्या नमपाय लायब्ररीत मात्र ॲरे (आकड्यांची मांडणी) आणि मॅट्रिक्स असे दोन प्रकार, आणि त्याच * चा अर्थ प्रकारानुसार बदलायचा. हे टाळाच. पुढे २०१५ मध्ये पायथन ३.५ नं मॅट्रिक्स-गुणाकारासाठी @ आणलं, ते याच जाचातून.

माझा कौल: ॲरे मुख्य असतील तर * घटकवार ठेवा. भागाकार, तुलना, सगळंच घटकवार लागतं. मॅट्रिक्सला वेगळं चिन्ह बहुतेक एकाच क्रियेपुरतं.

टिंबवाली चिन्हं घेणार असाल तर लेक्सर (कोडची अक्षरं तोडून चिन्हं, आकडे वेगळे करणारा भाग) सांभाळा. १.*क म्हणजे ‘१.’ गुणिले क, की १ आणि पुढे .*? ज्युलिया ही भाषा इथे सरळ एरर देते, स्पेस टाकायला लावते. मीही तेच करतो, अंदाज बांधत बसत नाही.

शेवटी क्रम. अ @ ब @ व मध्ये अ, ब हे न × न मॅट्रिक्स आणि व सदिश (व्हेक्टर, आकड्यांचा एकच स्तंभ) असेल, तर डावीकडून जाताना न³ च्या घरातलं काम पडतं, उजवीकडून न². तरी पायथननं * सारखंच डावीकडून ठेवलं. मीही तसंच ठेवतो. ज्याला वेग हवा त्यानं अ @ (ब @ व) लिहावं.