बंद पडलेला फ्लॅश गेम पुन्हा कसा चालवायचा

फ्लॅश हे ब्राउझरमध्ये गेम चालवायचं जुनं तंत्र, आणि फ्लॅश प्लेअर हा त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम. जुना फ्लॅश गेम चालवायचा म्हटलं की हमखास सल्ला मिळतो, ‘फ्लॅश प्लेअरची जुनी आवृत्ती शोधून टाका.’ कृपा करून हे करू नका. अ‍ॅडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश प्लेअर बंद केला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरमध्येच बसवलेल्या कुलपानं गेम अडवायला सुरुवात केली. तेव्हापासून त्याला सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळालेली नाही. शिवाय अनोळखी साइटवरून त्या नावाची फाइल उतरवली, तर आत काय भरलंय हे कळायला मार्ग नसतो.

त्याऐवजी रफल घ्या. हा मोफत, मुक्त-स्रोत इम्युलेटर आहे, म्हणजे फ्लॅश प्लेअरची नक्कल करून गेम चालवणारा प्रोग्रॅम. ब्राउझरचं एक्स्टेंशन आणि डेस्कटॉप प्रोग्रॅम, दोन्ही त्याच्या अधिकृत साइटवरून उतरवा.

मग गेमचं नाव फ्लॅशपॉइंट आर्काइव्ह या जुने वेब-गेम जपणाऱ्या आणि चालवणाऱ्या मोफत संग्रहात शोधा. तिथे दोन लाखांहून जास्त गेम आणि अ‍ॅनिमेशन जपलेली आहेत. सापडला तर पुढचं वाचायची गरजच नाही. तुमचा गेम फ्लॅशचा नसून शॉकवेव्हचा असेल, तरीही फ्लॅशपॉइंटच गाठा. शॉकवेव्ह हे वेगळं तंत्र आहे आणि रफल ते चालवत नाही.

तिथेही नसेल तर मूळ फाइल स्वतः मिळवावी लागते. खरं काम इथे आहे, आणि मीही सुरुवातीला इथेच फार अडलो होतो.

बहुतेक जण गेमचं जुनं पान वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर, उघडतात, मधे रिकामा चौकोन दिसला की ‘गेम गेला’ म्हणून सोडून देतात. इतक्या लवकर सोडू नका. वेबॅक मशीन पान आणि गेमची फाइल वेगवेगळी साठवतं, कित्येकदा वेगवेगळ्या तारखांना. पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडा आणि त्यात इंग्रजीत ‘एसडब्ल्यूएफ’ शोधा; फ्लॅश फाइलच्या नावाचं हे शेपूट असतं. नाही सापडलं तर ‘मूव्ही’ हा शब्द शोधा, कारण एका काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅडोबीच्या स्क्रिप्टमध्ये फाइलचं नाव हे शेपूट न लावता लिहायचे. हे माहीत नसल्यामुळे लोक हातातोंडाशी आलेली फाइल सोडतात.

तरीही हाती काही लागलं नाही तर वेबॅकच्या शोधचौकटीत साइटचा पत्ता, पुढे तिरकी रेघ आणि तारा टाका. त्या साइटच्या साठवलेल्या पत्त्यांची यादी येते; फिल्टरमध्ये एसडब्ल्यूएफ लिहून ती गाळून घ्या. गेम दुसऱ्याच डोमेनवर ठेवलेला असू शकतो, म्हणून सोर्समध्ये दिसलेली बाकीची डोमेनही तपासा.

पत्ता मिळाला की सरळ ‘सेव्ह’ दाबू नका. वेबॅकच्या पत्त्यात तारीख-वेळेचा चौदा आकडी क्रमांक असतो. त्याला चिकटूनच, मधे जागा न सोडता, इंग्रजी छोटी अक्षरं आय आणि डी आणि एक अंडरस्कोर टाका. आता वेबॅकचं कोणतंही वेष्टन नसलेली मूळ फाइल मिळते. हे न केल्यास बऱ्याचदा गेमच्या नावानं नुसतं एक वेबपान सेव्ह होतं आणि माणूस रफलला दोष देत बसतो.

खात्री करायला फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पहिली तीन अक्षरं इंग्रजीत एफडब्ल्यूएस, सीडब्ल्यूएस किंवा झेडडब्ल्यूएस असली पाहिजेत. तिथे एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड, दिसलं तर ती गेमची फाइल नाही. दुसऱ्या तारखेची प्रत घ्या. फाइल बरोबर असेल तर ती रफलच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये उघडा. मी ही तपासणी केल्याशिवाय पुढे जातच नाही.

फाइल अवघी काही केबीची असेल तर तो बहुधा नुसता लोडर असतो, खरा गेम दुसऱ्या फाइलींत असतो. रफल एक्स्टेंशन चालू ठेवून वेबॅकवरचं पान उघडा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबवर 404 (म्हणजे ‘फाइल सापडली नाही’) आलेली नावं टिपा आणि एकेक फाइल वरच्याच पद्धतीनं आणा. फोल्डरांची रचना मूळ साइटसारखीच ठेवा. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये टाकल्या तर लोडरला त्या सापडत नाहीत.

सगळं जमूनही गेम ‘हा खेळ अमुक साइटवरच चालेल’ म्हणून अडला, तर ते साइटलॉक आहे. रफलच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये फाइल उघडतानाच्या प्रगत पर्यायांत एसडब्ल्यूएफचा पत्ता बदलून सांगता येतो. तिथे गेमचा मूळ पत्ता टाका.

गेम सुरू झाला तरी काही भाग कोरे दिसत असतील तर तो कदाचित अ‍ॅक्शनस्क्रिप्ट 3 मधला असेल. फ्लॅशच्या या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या 1 आणि 2 आवृत्त्यांमधले गेम रफलवर बहुतेक नीट चालतात, 3 चं काम अजून सुरू आहे. फाइल टाकून देऊ नका, रफलच्या पुढच्या आवृत्तीत पुन्हा लावून पाहा. आणि मूळ पत्त्यासकट ती फ्लॅशपॉइंटकडे पाठवा. त्यांच्या संग्रहात नसलेले गेम ते स्वीकारतात.