गड्डे फोडायचे दिवस: इंग्लंडच्या बागेतला ऑटम

इंग्लंडमध्ये बागकामात शिरू पाहणाऱ्या आपल्या मंडळींना मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते. ऑटमच्या, म्हणजे पानगळीच्या ऋतूतल्या कामांची आखणी ऑक्टोबरात करायला बसू नका. ती ऑगस्टमध्ये करायची, सगळा वाफा फुलांनी भरलेला असताना.

मी सांगलीकडची, घरी हळदीची शेती. नवऱ्याच्या नोकरीमुळे सरे परगण्यात आले आणि व्हिसावर काम करायला मुभा आहे याची खात्री करून एका जुन्या बागेत आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. पुढे आरएचएस, म्हणजे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा बागकामाचा लेव्हल २ अभ्यासक्रम केला आणि हेच माझं काम झालं.

इथल्या पेरेनियल बॉर्डरमध्ये, म्हणजे फुलझाडांच्या मोठ्या वाफ्यात, फ्लॉक्स, हेलेनियम, अ‍ॅस्टर, डेलिली, हार्डी जिरेनियम अशी बहुवर्षायू झाडं असतात. थंडीत त्यांचा जमिनीवरचा भाग वाळून जातो, खाली गड्डा जिवंत राहतो. आपल्याकडे हळद, कळलावी, भुईचाफा हेच करतात. तिथे त्यांना कोरडे महिने झोपवतात, इथे थंडी. त्यामुळे नोव्हेंबरात बॉर्डरसमोर उभं राहिलात की कुठे काय आहे याचा पत्ताच लागत नाही. म्हणून ऑगस्टपासून दर पंधरा दिवसांनी एकाच जागेवरून फोटो काढा. कागदावर वाफ्याचा साधा नकाशा काढा आणि त्यावर मनात येईल ते लिहा: हा फ्लॉक्स मागच्या रांगेत न्यायचा, या डेलिलीला फुलं कमी आली, इथे सप्टेंबरात भोक पडतं. जे हलवायचं त्याच्या बुडाशी लेबल खोचा, आणि लेबलवर पेन्सिलीनेच लिहा. पेनाची शाई उन्हापावसात उडते, पेन्सिल वर्षानुवर्षं टिकते.

पुनर्लागवड ऑटममध्येच का, तर हवा गार झालेली असते पण जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. वर पानांची वाढ थांबते, खाली मुळं चालू राहतात, आणि पाऊस पाणी घालतो. दक्षिण इंग्लंडमध्ये मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर हा काळ उत्तम. पण तारखेपेक्षा वापसा, म्हणजे काम करण्याजोगा मातीतला ओलावा, बघा. वापसा हा शब्द शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला समजावून सांगावा लागत नाही. इथली चिकणमाती ओली असताना नुसती तुडवली तरी तिची वीट होते. मूठभर माती दाबून बघा. बोटाने टोचल्यावर भुगा झाला तर कामाला लागा. गोळा तसाच राहिला तर त्या दिवशी शेडमधली अवजारं घासा. अगदीच आत जावं लागलं तर फळ्या टाकून त्यांवर उभं राहा.

आता गड्डे फोडणं. तीन-चार वर्षं एका जागी राहिलेला अ‍ॅस्टर किंवा हेलेनियम मधोमध पोकळ होतो, जोमदार फुटवे कडेला सरकतात. आदल्या दिवशी पाणी द्या. देठ हातभर उंचीवर कापा. चारी बाजूंनी फोर्क, म्हणजे काट्यांचं फावडं, घालून गड्डा उचला आणि ताडपत्रीवर ठेवा. मग दोन फोर्क पाठीला पाठ लावून मध्ये रोवायचे आणि त्यांचे दांडे एकमेकांपासून लांब रेटायचे. मुळं तुटल्याचा कर्रर्र आवाज येतो तेव्हा नवीन माणूस घाबरून थांबतो. थांबू नका. मधला लाकडासारखा भाग कंपोस्टमध्ये जातो, कडेचे हाताच्या पंजाएवढे तुकडे ठेवायचे, प्रत्येकाला तीन ते पाच डोळे आणि भरपूर पांढरी मुळं हवीत. हळदीचं बेणं निवडायला आई जशी बसायची तशीच मी त्या ताडपत्रीशी बसते. तुकडे पूर्वीच्याच खोलीवर, तीन किंवा पाचच्या गटात लावा, पायाने हलके दाबा आणि आभाळ भरलेलं असलं तरी पाणी घाला. त्याने माती मुळांना बिलगते. आपल्या द्राक्षवाल्यांची भुरी, पानांवरची ती पांढरी बुरशी, इथल्या न्यूयॉर्क अ‍ॅस्टरलाही सोडत नाही. तो दर वर्षी भुरीने पांढरा होत असेल तर त्याच जागी न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर लावा, त्याला भुरी फारशी धरत नाही.

पहिल्या वर्षी हाताला हे काम बसलं आणि त्या भरात मी मिस्कॅन्थसचे गड्डेही ऑक्टोबरात फोडले. मोठं, देखणं गवत. पावसाळी हिवाळाभर ते तुकडे थंड चिखलात बसून राहिले आणि एप्रिलपर्यंत बहुतेक कुजले. मिस्कॅन्थससारखी उबेत वाढणारी गवतं वसंतातच फोडायची, नवे कोंब दिसू लागल्यावर. पेन्स्टेमॉनसारखी नाजूक झाडंही तेव्हाच छाटायची, कारण जुने देठ बुडातल्या फुटव्यांवर पांघरुणासारखे राहतात. पिओनी मात्र ऑटममध्येच हलवायची, आणि तिचे डोळे जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरच ठेवायचे. खोल गेली तर पानं येतात, फुलं येत नाहीत.

वाळलेलं ऑटममध्येच छाटायचं की हिवाळाभर उभं ठेवायचं, याबद्दल इथे दोन मतं आहेत आणि मी उभं ठेवणाऱ्यांच्या बाजूची आहे. पीट आउडॉल्फ या डच रचनाकाराने वाळलेले देठ आणि बोंडं हा बागेच्या सौंदर्याचाच भाग आहे हे पटवून दिलं. सॉमरसेटमध्ये ब्रूटनजवळ त्याचं आउडॉल्फ फील्ड आहे, ते २०१४ पासून खुलं आहे. जमलं तर नोव्हेंबरात जाऊन बघा. बियांवर पक्षी येतात, पोकळ देठांत कीटक हिवाळा काढतात. मी फक्त लोळलेलं आणि रोगट तेवढं काढते. बाकीचं फेब्रुवारीत.

मग पालापाचोळा. पानं जाळू नका, जाळीच्या पिंपात भरून ठेवा. साधारण दोन वर्षांत काळंभोर, भुसभुशीत लीफ मोल्ड तयार होतं. ट्यूलिपचे कंद सगळ्यात शेवटी, नोव्हेंबरात. थंडी पडल्यावर लावले की ट्यूलिप फायर या बुरशीचा धोका कमी होतो.

नोकरीचं म्हणाल तर वय झालं म्हणून मागे फिरू नका. १८९९ पासून चालत आलेल्या डब्ल्यूएफजीए (वर्किंग फॉर गार्डनर्स असोसिएशन) या संस्थेची रॅग्ज नावाची योजना खास करिअर बदलणाऱ्यांसाठी आहे. त्यात वर्षभर, आठवड्याला साधारण दोन दिवस, अनुभवी माळ्याच्या हाताखाली प्रत्यक्ष बागेत शिकता येतं. लॅटिन नावांची भीती घालवा; रोज पाच नावं मोठ्याने म्हणा. ती बदलतातही, सेडम स्पेक्टॅबिले या झाडाचं हायलोटेलेफियम झालं, तेव्हा दोन्ही पाठ ठेवा.

माझ्या पहिल्या मुलाखतीत टेबलावर वीस बाटल्या मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत एकेक फांदी, आणि नावं लिहायची होती. महिना नोव्हेंबर. एका बाटलीत नुसता तपकिरी वाळका देठ होता, पान नाही, फूल नाही. मी तो उचलून बुडाशी बघितलं. तिथे बोटाच्या पेराएवढे करड्या-हिरव्या रंगाचे, कोबीच्या गड्ड्यांसारखे कोंब चिकटलेले होते. असे कोंब चुकवत मी तीन आठवडे वाळकी पानं वेचली होती. मी सेडमची दोन्ही नावं लिहिली.