अनियोजित शहरी जागांविषयीचं प्रदर्शन बघायला जाताना करायची तयारी

आदल्या दिवशी अर्धा तास आपल्याच भागात पायी फिरा आणि तीन अनियोजित, म्हणजे कुणी ठरवून न आखलेल्या जागा हेरून ठेवा: उड्डाणपुलाखालचा कोपरा, दोन इमारतींमधली फट आणि लोकांनी चालून चालून पाडलेली पायवाट. पायवाटेपाशी थोडं थांबा. मधोमध गवत पार झिजून माती घट्ट झालेली असते, कडेला ते नुसतं दबलेलं असतं. वाट किती वापरात आहे ते यावरून कळतं. तिथे कोण, कधी, कशासाठी येतं, ते दोन ओळींत टिपा. अशा प्रदर्शनांत अनेकदा प्रेक्षकांना आपली जागा नकाशावर नोंदवायला सांगतात. ऐन वेळी आठवायला गेलं की ‘बाग’ किंवा ‘मैदान’ लिहून होतं, म्हणजे नेमकी नियोजित जागा! फोटो काढलात तर त्यात कुणाचा चेहरा नको.

अमेरिकन कलाकार गॉर्डन मॅटा-क्लार्क यांच्या एका कामाबद्दलही वाचून जा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी न्यूयॉर्कच्या लिलावांत जमिनीचे १५ उरलेसुरले तुकडे विकत घेतले होते. काही तुकड्यांपर्यंत तर पोचायलाच वाट नव्हती. हे डोक्यात असलं की मांडणीतल्या रिकाम्या पट्ट्या रिकाम्या वाटत नाहीत.

कपड्यांचा विचार जरूर करा. अशा प्रदर्शनांत अनेकदा प्रेक्षकांच्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या मांडण्या असतात. ती हालचाल टिपणारे बरेच डेप्थ कॅमेरे (समोरच्याचं अंतर मोजणारे कॅमेरे) अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतात. काही काळी कापडं तो शोषून घेतात आणि घोळदार ओढणीमुळे शरीराची आकृती बिघडते, म्हणून फिकट, अंगासरशी कपडे बरे. कॅमेऱ्याला खेटून उभं राहिलं तरी तो ओळखत नाही. दोन-तीन मीटर मागे सरा, हळू हला, प्रतिसादाला थोडा वेळ द्या. लोक इथेच घाई करतात आणि ‘बंद आहे’ म्हणून पुढे जातात. गर्दीत आकृत्या एकमेकींत मिसळतात, तेव्हा शक्यतो सुट्टीचा दिवस टाळून सकाळची पहिली वेळ घ्या.

फोन पूर्ण चार्ज करा, वायरचे इअरफोन आणि पेन्सिल घ्या. शाईचं पेन काही दालनांत चालत नाही. बूट सपाट, सहज काढता येणारे हवेत. मोठी बॅग आणू नका. अपस्माराचा त्रास असेल तर लुकलुकत्या दिव्यांची दालनं कोणती, हे तिकीट काढतानाच विचारा. निदान दोन तास हाताशी ठेवा आणि आवाजावर चालणारी दालनं आधी बघून घ्या, गर्दीच्या गलक्यात त्यांचे माइक गोंधळतात.